वाफेला वाट

ही माती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची. मलप्रभेकाठच्या या तालुक्यानं कौलं दिली, विटा दिल्या, घागरी दिल्या. मातीच्या मूर्ती घडवणाऱ्या काकूंच्या अंगणात ही माती आजही पाटीनंच येते.

आधी कुटायची, चाळायची, मग भिजत घालायची. एक खडा राहिला तरी भट्टीत नेमका तिथंच तडा जातो, म्हणून बोटं अशी चाचपत राहतात. राख मिसळून तुडवणं हे खरं कष्टाचं. सत्तरी ओलांडलेली टाच कशी फिरते बघा. 

माहेरी चाकावर वडील बसायचे, लाकडी थापी काकूंच्या हातात. आतून गोल दगड धरायचा, बाहेरून थापी मारायची, की घागरीचं पोट फुगत जायचं. त्याच थापीनं आता मूर्तींमधल्या या बायकांच्या वाकलेल्या पाठी घडतात.

या मूर्तींची सुरुवात २०२२ ची. फेब्रुवारीत टीव्हीवर युक्रेन आलं, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात गाझा. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पलटणीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळे इकडं लढाईच्या बातम्या आवाज वाढवून ऐकतात.

‘बगत बसलं की हात थरथरायचे. चिखलात घातले की थांबतात,’ एवढं बोलून काकू पुन्हा मळायला लागल्या.

जर्मन शिल्पकार केथे कोलविट्झ यांचा मुलगा पेटर १९१४च्या ऑक्टोबरात बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्यासाठी घडवलेले, गुडघे टेकलेले आईबाप तिथल्या दफनभूमीत बसले ते १९३२ साली. हे आम्ही काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘दगुड का माती?’ दगड, म्हणालो. ‘मग येळ लागणारच की.’

मूर्ती आतून पोकळ ठेवायची. भरीव राहिली तर आतल्या ओलीची वाफ होते आणि आव्यात, म्हणजे भट्टीत, मूर्ती फुटते. म्हणून बुडाला काडीनं हे भोक. ते पाडताना काकू श्वास धरतात. कॅमेऱ्यातही ते दिसतंय.

आता झोप लागते, असं सून सांगते. विकायला एकही मूर्ती नाही.

फळीवर एकोणीस झाल्यात. विसावी सावलीत आहे. उन्हात ठेवली तर बाहेरून आधी वाळते आणि चिरते. काका पाण्याची बादली आणून ठेवतात. आत टीव्ही चालूच आहे.