अंतर एकच, वेळा दोन

मघाशी पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "लंडन ते न्यूयॉर्क विमानाने किती वेळ लागतो?" मी उलट विचारलं, जायला की यायला? तुम्ही हसलात, पण मी गंमत करत नव्हतो.

अंतराचं आधी उरकून घेऊ, ते सोपं आहे. हा पृथ्वीगोल बघा. दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरला की तो आयर्लंड आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरून जातो. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने मारलेली रेघ मात्र बरीच दक्षिणेकडून जाते. म्हणूनच सीटसमोरच्या पडद्यावर विमानाची वाट धनुष्यासारखी वाकलेली दिसली, की हे एवढा वळसा का घेतायत, असं वाटतं. वळसा नसतोच, गोल पृथ्वी सपाट कागदावर आणल्याचा तो परिणाम. या दोऱ्याची लांबी साधारण ५,५५० किलोमीटर भरते.

विमानाचा वेग ताशी ९०० धरा. भागाकार केला की ६ तास १० मिनिटं. पण हे ९०० आहेत हवेच्या हिशेबात, आणि हवा स्वतःच पळतेय! साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, तो जेट स्ट्रीम. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली अहवाल छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. जगभर पोचावा म्हणून. वाचला फारसा कुणी नाही.

समजा वारा ताशी १५०चा आहे. न्यूयॉर्कहून येताना तो पाठीवर घेतला तर ५ तास १७ मिनिटं, लंडनहून जाताना तोंडावर आला तर ७ तास २४. आता बेरीज करा. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास २० मिनिटं लागली असती, इथे १२ तास ४१ झाली. येताना कमावलं त्याहून जाताना जास्त गमावलं, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. मला हा हिशेब फार आवडतो.

९ फेब्रुवारी २०२० ला वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबात वेग काही वेळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर होता, तरी ध्वनीची मर्यादा ओलांडली नाही, कारण भोवतालची हवाही सोबत धावत होती.

कधी वारा नाही, राजकारण आडवं येतं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपातल्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि फिनलंडची राजधानी हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला.

आणि तिकिटावरचा वेळ नुसता उडण्याचा नसतोच. चाकांपुढचे ठोकळे काढले की घड्याळ सुरू, पुन्हा लावले की बंद. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यातच धरलेलं असतं. तर पहिल्या रांगेसाठी उत्तर: जायला साधारण ८ तास, यायला ७.