तेल दुसऱ्यांचं, राजधानी टल्साची

(दृश्य: आर्कान्सॉ नदीचं रुंद पात्र, पलीकडे उंच इमारती)

ही आर्कान्सॉ नदी. पात्र रुंद आहे खरं, पण वर्षातले बरेच दिवस त्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. नदीच्या या काठावर टल्सा. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं हे शहर काही दशकं स्वतःला ‘जगाची तेल राजधानी’ म्हणवून घेत होतं. गंमत म्हणजे ज्या तेलावर ते मोठं झालं, ते टल्सात निघालंच नाही. पहिलं निघालं नदीपलीकडे रेड फोर्कला, 1901 मध्ये. दुसरं, खरं घबाड, दक्षिणेला काही मैलांवर ग्लेन पूलला, 1905 मध्ये. टल्साकडे 1900 च्या सुमारास काय होतं? एक रेल्वे स्टेशन, धुळीचे रस्ते आणि जेमतेम चौदाशे लोकवस्ती.

आणि डोकं होतं. रेड फोर्कला तेल लागलं, तसं तिथे येणाऱ्या माणसांना झोपायला, जेवायला आणि पैसे ठेवायला जागा हवी, हे टल्साच्या व्यापाऱ्यांनी बरोबर हेरलं. अडचण नदीची होती. मग तिघांनी स्वतःचे पैसे घालून गाडीवाटेचा पूल बांधला आणि 1904 मध्ये टोल लावून तो खुला केला. पुलावर पाटी होती: तुम्ही म्हणालात जमणार नाही, आम्ही करून दाखवलं. आपल्याकडे याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. विहीर पलीकडे, बँक अलीकडे. चिखल, वास, गोंगाट पलीकडे. हॉटेलं, बंगले, वकील अलीकडे.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. डेरिकचं, म्हणजे तेलविहिरींवरच्या लाकडी सांगाड्यांचं, जंगल)

22 नोव्हेंबर 1905. रॉबर्ट गॅलब्रेथ आणि फ्रँक चेस्ली हे दोघं आयडा ग्लेन या क्रीक जमातीच्या, म्हणजे मूळ अमेरिकी, महिलेच्या शेतात भोक पाडत होते. सुमारे साडेचौदाशे फुटांवर तेल लागलं. हलकं, कमी गंधकाचं, शुद्ध करायला सोपं. नंतरच्या विहिरी पहिलीपेक्षाही जोरात निघाल्या. 1907 मध्ये ओक्लाहोमा अधिकृतपणे राज्य झालं, तेव्हा तेलाच्या उत्पादनात ते देशात पहिल्या नंबरावर होतं. टल्साची लोकसंख्या 1910 मध्ये 18 हजारांवर गेली, 1920 मध्ये 72 हजारांवर आणि 1930 मध्ये 1 लाख 41 हजारांवर.

पण जरा थांबू या. आयडा ग्लेन क्रीक होती, आणि या गोष्टीचा खरा धागा तिथेच आहे.

(दृश्य: शहराच्या मधोमध, घरांच्या रांगेत एक जुना ओक वृक्ष)

क्रीक, म्हणजेच मस्कोगी लोक, मुळात इथले नाहीत. त्यांचा प्रदेश आग्नेयेला, अलाबामाच्या बाजूला. अमेरिकी सरकारने 1830 च्या दशकात त्यांना तिथून हुसकावून पश्चिमेला पाठवलं. वाटेत कित्येक जण थंडीने, आजाराने, उपासमारीने गेले. लोचापोका गावचे जे लोक पोचले, त्यांनी 1836 मध्ये नदीजवळच्या टेकाडावर या ओकखाली आपल्या अग्नीची राख ठेवली. जुन्या गावच्या अग्नीची ती राख त्यांनी अलाबामापासून जपून आणली होती. टल्साची स्थापना इथून मोजतात. झाड अजून आहे. आजूबाजूला साध्या वस्तीतली घरं, अपार्टमेंट. पाटी वाचली नाही तर माणूस समोरून निघून जाईल.

इथे जमीन क्रीक राष्ट्राची होती, सगळ्यांची मिळून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने ती सामाईक मालकी मोडली आणि माणशी 160 एकर अशी वाटणी केली. त्यात क्रीक लोकांनी पूर्वी गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या कुटुंबांनाही वाटा मिळाला. देताना कुणी उदार झालेलं नव्हतं. अनेकांच्या नशिबी खडकाळ, पिकाला नालायक जमीन आली. आणि मग त्या खडकाखाली तेल निघालं.

सारा रेक्टर ही अशीच एक काळी मुलगी. तिच्या वाट्याचा तुकडा टल्साच्या पश्चिमेला, कुशिंग तेलक्षेत्रात होता. 1913 मध्ये तिच्या जमिनीत विहीर फुटली. दिवसाला सुमारे 2,500 पिंपं तेल आणि तिच्या वाट्याला रोजचे 300 डॉलर. मुलगी अकरा वर्षांची. वर्तमानपत्रांत तिचं नाव झळकलं आणि लग्नाच्या मागण्याही आल्या म्हणे! तिचे पैसे सांभाळायला कायद्याने एक गोरा ‘पालक’ नेमलेला होता. साराच्या बाबतीत काळ्या वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, त्यामुळे तिचा पैसा बऱ्यापैकी वाचला. बाकी शेकडो मुलांचं काय? जिल्ह्याच्या कोर्टाने पालक नेमायचा, पालकाने फी घ्यायची, कर्ज काढायचं, जमीन ओळखीच्या माणसाला कवडीमोल भावात विकायची. यात दरोडा नव्हता, बंदूक नव्हती. सगळं स्टँप पेपरवर, सहीशिक्क्यानिशी.

(दृश्य: डाउनटाउन. कॅमेरा खालून वर सरकतो)

आता या इमारती बघताना हे डोक्यात असू द्या. कारण इमारती देखण्या आहेत, यात शंकाच नाही.

हा फिलटॉवर, 1928 चा. मालक वेट फिलिप्स, तेलवाला. छत उतरतं, रंगीत कौलांचं. प्रवेशद्वारावर त्याच्या नावाची आद्याक्षरं. समोर तिरक्यात फिलकेड, तेही त्याचंच. दोन्ही इमारतींना जोडणारा भुयारी मार्ग त्याने रस्त्याखालून खणून घेतला. त्या काळी श्रीमंतांना पळवून नेऊन खंडणी मागण्याचं पेव फुटलं होतं, म्हणून, असं सांगतात. ज्याचं सगळं वैभव जमिनीखालून आलं, त्याला शेवटी जमिनीखालूनच जा-ये करावी लागली. पुढे त्याने आपला 72 खोल्यांचा इटालियन थाटाचा बंगला, फिलब्रूक, शहराला कलासंग्रहालयासाठी देऊन टाकला. 1939 पासून तो लोकांसाठी खुला आहे. बागेतल्या पायऱ्या, पाण्याची कारंजी, शेवटी लहानसं मंदिरासारखं बांधकाम… टल्सात एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर बरेच जण फिलब्रूक सांगतील. मी मात्र पुढचं सांगेन.

(दृश्य: बॉस्टन अव्हेन्यू चर्च, मनोरा)

बॉस्टन अव्हेन्यू मेथडिस्ट चर्च. 1929 मध्ये पूर्ण झालं, शेअर बाजार कोसळायच्या काही महिने आधी. चर्च म्हटलं की जी कमानदार, गंभीर इमारत डोळ्यांसमोर येते, तिचा इथे मागमूस नाही. सगळ्या रेषा सरळ वर जाणाऱ्या. टोकाशी काच आणि धातू असे जुळवलेत की जोडलेले हात वर केल्यासारखे वाटतात. मनोऱ्यावरून नजर खाली आणा. भिंतीच्या कडेने पक्क्या मातीची फुलं आहेत. परदेशी वेलबुट्टी नाही. ओक्लाहोमाच्या बागांत आणि माळावर दिसणारी ट्रायटोमा आणि कोरिऑप्सिस. ट्रायटोमाच्या पाकळ्या खाली झुकलेल्या, देठ ताठ.

हे कुणाचं डोकं? वाद आजही आहे. एडा रॉबिन्सन या कलाशिक्षिकेने कल्पना मांडली, रेखाटनं केली. ब्रूस गॉफ हा तिचाच शाळेतला विद्यार्थी. त्याने वास्तुविशारद म्हणून काम केलं आणि पुढे खूप नावाजला. चर्च श्रेय बाईंना देतं, वास्तुकलेची पुस्तकं बहुधा गॉफला. पुस्तकं कुणाच्या बाजूने लिहिली जातात हे बघता, मला चर्चचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही.

(दृश्य: रेल्वेरूळ. रुळांच्या उत्तरेला ग्रीनवूड अव्हेन्यू)

रूळ ओलांडले की ग्रीनवूड. ओ. डब्ल्यू. गर्ली याने 1906 च्या सुमारास इथे जमीन घेऊन काळ्या लोकांना प्लॉट विकायला सुरुवात केली. रुळांच्या दक्षिणेला काळी माणसं काम करू शकत, पण राहू शकत नसत, मनासारखा खर्चही करू शकत नसत. त्यामुळे तेलवाल्यांच्या घरी कमावलेला डॉलर इथे येऊन फिरे. जे. बी. स्ट्रॅडफर्डचं 54 खोल्यांचं हॉटेल. लूला विल्यम्सचं ड्रीमलँड थिएटर. ए. जे. स्मिदरमनचं ‘टल्सा स्टार’ वर्तमानपत्र. डॉक्टर, वकील, शिंपी, न्हावी, किराणा.

30 मे 1921. ड्रेक्सेल बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये डिक रोलंड हा बूटपॉलिश करणारा काळा तरुण आणि सारा पेज ही लिफ्ट चालवणारी गोरी मुलगी यांच्यात काहीतरी घडलं. बहुधा त्याचा तोल जाऊन धक्का लागला. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. संध्याकाळच्या पेपरात भडक बातमी छापून आली आणि कोर्टाबाहेर जमाव जमला. रोलंडला फासावर लटकवतील या भीतीने ग्रीनवूडचे काही जण, त्यात महायुद्धातून परतलेले सैनिकही होते, बंदुका घेऊन त्याच्या रक्षणाला गेले. झटापटीत गोळी सुटली. 1 जूनच्या पहाटे गोऱ्यांचा जमाव रूळ ओलांडून ग्रीनवूडमध्ये शिरला. आधी घर लुटायचं, मग पेटवायचं. वर विमानं घिरट्या घालत होती. 35 ब्लॉक जळाले, बाराशेवर घरं राख झाली. हजारो काळ्या रहिवाशांना पहाऱ्यात कोंडलं. मेलेल्यांचा आकडा 100 ते 300 असा अंदाज आहे. रोलंडवरचा खटला? सारा पेजने तक्रारच केली नाही. तो मागे घेतला गेला.

विमा कंपन्यांनी हात वर केले, कारण पॉलिसीत दंगलीचं नुकसान वगळलेलं होतं. शहराने आठवड्याभरात नवा नियम काढला: यापुढे इथे बांधकाम अग्निरोधक सामानाचंच हवं. राखेत उभ्या माणसाला तो खर्च झेपणार कसा? जमीन गोदामांसाठी आणि रेल्वेसाठी मोकळी व्हावी, हा त्यामागचा डाव कुणालाही कळेल. बी. सी. फ्रँकलिन या वकिलाने तंबूत कचेरी थाटली. त्याचा फोटो आहे: कापडी छत, टेबल, पुस्तकं, बाजूला टाइपरायटर. त्या तंबूतून तो आणि त्याचे सहकारी कोर्टात लढले आणि नियम रद्द करून घेतला. काही वर्षांत ग्रीनवूड पुन्हा उभं राहिलं, लोकांनी आपल्या पैशाने उभं केलं. पुढे 1960 आणि 70 च्या दशकांत त्याच वस्तीच्या छातीवरून हायवे नेला. आगीतून वाचलेली वस्ती रस्त्याने मोडली.

आज व्हर्नन चर्चचं तळघर दिसतं, त्या आगीतून उरलेलं. 2021 मध्ये ग्रीनवूड रायझिंग हे इतिहास केंद्र उघडलं. त्या हत्याकांडाच्या बळींच्या शोधात ओकलॉन दफनभूमीत उत्खनन चालू झालं आणि 2024 मध्ये एका सांगाड्याची ओळख पटली: सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धातला सैनिक. आधी कित्येक दशकं शाळेच्या पुस्तकांत या घटनेचा उल्लेखही नव्हता.

(दृश्य: मैदानातला सोनेरी पुतळा)

आता थोडं हलकं. हा गोल्डन ड्रिलर. 76 फूट उंच. इथे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पेट्रोलियम प्रदर्शनासाठी आधी 1953 मध्ये तात्पुरता उभारला होता. आताचा पुतळा 1966 पासून आहे. आत पोलाद, वर प्लास्टर आणि काँक्रीट, त्यावर सोनेरी रंग. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एक हात सेमिनोल तेलक्षेत्रातून आणलेल्या खऱ्या डेरिकवर टेकवलाय. ताशी 200 मैलांच्या वाऱ्यात टिकेल असा बांधलाय. हा टॉर्नेडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळांचा पट्टा आहे, तेव्हा ते बरंच. 1979 मध्ये त्याला राज्य स्मारकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी ते प्रदर्शन मात्र शेवटचं भरलं. तेल कंपन्यांची मुख्यालयं केव्हाच ह्यूस्टनची वाट धरू लागली होती. 2020 मध्ये टेस्लाचा कारखाना यावा म्हणून या बाप्याला इलॉन मस्कचा चेहरा रंगवला आणि पट्ट्यावर टल्साच्या जागी टेस्ला लिहिलं. कारखाना ऑस्टिनला गेला.

(दृश्य: बीओके टॉवर)

शहरातली ही सर्वांत उंच इमारत, 1976 ची. ओळखीची वाटते ना? न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांचा वास्तुविशारद मिनोरू यामासाकी याचंच हे काम. 52 मजले.

आणि हे गिलक्रीज संग्रहालय. थॉमस गिलक्रीज आईकडून क्रीक होता. त्याच्या वाट्याचे 160 एकर नेमके ग्लेन पूलमध्ये निघाले. लहानपणीच तो श्रीमंत झाला आणि मोठेपणी मूळ अमेरिकी लोकांची चित्रं, वस्तू, कागदपत्रं वेड्यासारखी गोळा करत सुटला. इतकी, की कर्जबाजारी झाला. 1954 मध्ये टल्साच्या मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी देऊन सगळा संग्रह शहरासाठी सोडवून घेतला, आणि ती रक्कम फिटेपर्यंत गिलक्रीजने आपल्या तेलाचं उत्पन्न शहराला लावून दिलं. क्रीक माणसाच्या जमिनीतलं तेल शहराच्या तिजोरीत, पण या वेळी त्याच्या स्वतःच्या मर्जीने.

(दृश्य: शहराचा रस्ता, ट्रॅफिक)

जमिनीचा हिशेब मात्र मिटला नव्हता. 9 जुलै 2020 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात 5 विरुद्ध 4 असा निकाल दिला: क्रीक आरक्षण संसदेने कधी बरखास्तच केलेलं नाही, त्यामुळे फौजदारी कायद्यापुरतं ते आजही उभं आहे. म्हणजे टल्साचा मोठा भाग, त्या सगळ्या तेलवाल्यांच्या इमारतींसकट, क्रीक आरक्षणात. घरांची मालकी बदलली नाही, पण खटला कुणी चालवायचा हा प्रश्न उभा राहिला. त्यातून शहर चॉक्टॉ या दुसऱ्या मूळनिवासी राष्ट्राच्या एका नागरिकाच्या वेगमर्यादा मोडल्याच्या 150 डॉलरच्या दंडावरून केंद्रीय अपील कोर्टापर्यंत गेलं आणि 2023 मध्ये हरलं. 2025 मध्ये शहराने मस्कोगी नेशनशी समझोता केला: मूळनिवासी आरोपींचे खटले नेशनकडे. ओक्लाहोमाच्या तेव्हाच्या गव्हर्नरांना ते मान्य नव्हतं.