छावणीतून शेताकडे

इसवी सन 793 च्या जून महिन्यात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरील ख्रिस्ती मठ स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंगांनी लुटला. त्यानंतर अनेक दशके त्यांची रीत ठरलेली होती. उन्हाळ्यात जहाजे घेऊन यायचे, किनाऱ्यावरचे नाहीतर नदीकाठचे मठ गाठायचे आणि चांदी व कैदी घेऊन माघारी जायचे. व्हायकिंग म्हटले की हीच लूट आठवते. मात्र इंग्लंड खऱ्या अर्थाने बदलले ते 865 ते 876 या अकरा वर्षांत, आणि त्या बदलाचा माग लढायांपेक्षा हिवाळी छावण्यांमध्ये अधिक स्पष्ट लागतो.

865 मध्ये इंग्लंडमधील पूर्व अँग्लिया या राज्यात उतरलेले व्हायकिंग सैन्य परतण्यासाठी आलेच नव्हते. तिथल्या लोकांनी घोडे देऊन तह केला. त्याच घोड्यांवरून या सैन्याने पुढच्या वर्षी यॉर्क गाठले आणि जिंकले. यॉर्क ज्या राज्यात होते त्या नॉर्थम्ब्रियाच्या गादीसाठी आपसांत झगडणारे एला आणि ऑस्बर्ट हे दोन राजे अखेर एकत्र आले, परंतु 867 च्या मार्चमध्ये शहर परत घेण्याच्या प्रयत्नात दोघेही मारले गेले. 869 मध्ये पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड याचाही अंत झाला.

872 चा हिवाळा सैन्याने ट्रेंट नदीकाठी टॉर्क्सी येथे काढला. आज तिथे नांगरलेली शेते आहेत. त्या मातीत दिरहम या अरबी चांदीच्या नाण्यांचे कापलेले तुकडे, चांदी तोलण्याची वजने आणि पटावरच्या खेळातील शिशाच्या शेकडो सोंगट्या सापडल्या आहेत. इथे चांदीचे नाणे मोजून नव्हे, तर तुकडे पाडून वजनावर चालत असे. सुया आणि सूत कातण्याच्या चात्याही मिळाल्या आहेत. म्हणजे ही निव्वळ लढवय्यांची छावणी नव्हती; दुरुस्त्या, सूतकताई, देवघेव असा सारा संसार सैन्याबरोबर फिरत होता.

पुढचा हिवाळा रेप्टनमध्ये गेला. मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्याच्या राजघराण्याची दफनभूमी असलेले हे स्थान व्हायकिंगांनी ताब्यात घेतले आणि राजा बर्ग्रेड रोमला निघून गेला. येथील उत्खननात एका योद्ध्याच्या सांगाड्याजवळ तलवार आणि गळ्यातला थॉर या व्हायकिंगांच्या देवाचा चांदीचा हातोडा मिळाला. जवळच्या सामूहिक दफनात किमान 264 जणांच्या अस्थी होत्या, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. याच ठिकाणी सापडलेला कार्नेलियन या तांबूस दगडाचा एक मणी भारतीय वाचकाला थबकायला लावतो, कारण त्याचा दगड बहुधा गुजरातचा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. नद्यांवरून आणि बाजारांमधून हात बदलत तो ट्रेंटच्या काठी पोहोचला असणार.

रेप्टनहून सैन्याच्या दोन वाटा झाल्या. गुथ्रुम हा एक सेनानायक दक्षिणेकडे वळला, तिथल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याच्याकडून 878 मध्ये पराभूत झाला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. दुसरा सेनानायक हाल्फदान उत्तरेला गेला. 876 च्या नोंदीत अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल हे कालवृत्त सांगते की त्याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ती माणसे नांगरणी करून पोट भरू लागली. लुटीला आलेल्या सैन्याविषयी शत्रूच्याच दप्तरात अशी नोंद सापडावी, याचे मोल मोठे आहे. अर्थात ती जमीन मोकळी पडलेली नव्हती. ती कोणाची तरी होती, आणि ज्यांची ती गेली त्यांच्याविषयी हे कालवृत्त अवाक्षरही काढत नाही.

यॉर्कचे पुढे काय झाले, ते कॉपरगेट भागात 1976 ते 1981 या काळात झालेल्या उत्खननाने दाखवले. दमट, प्राणवायूविरहित मातीमुळे लाकूड, चामडे आणि कापडही टिकून राहिले होते. कुडाच्या घरांच्या रांगा, कातीव लाकडी वाडगे, हरणाच्या शिंगांच्या फण्या, चामडी जोडे, बाल्टिक समुद्राकडचा अंबर आणि लोकरीचा एक मोजासुद्धा तिथे मिळाला. 920 च्या दशकातील यॉर्कच्या काही नाण्यांवर संत पीटरचे नाव कोरले आहे आणि त्याच नाण्यावर थॉरचा हातोडाही आहे. दोन्ही श्रद्धांची माणसे एकाच बाजारात वावरत होती, हे यावरून दिसते.

954 मध्ये यॉर्कचा शेवटचा स्कँडिनेव्हियन राजा एरिक ब्लडॅक्स याची सत्ता गेली. कॉपरगेटमधील कारागीर मात्र कुठेही गेले नाहीत. पुढच्या काही दशकांत त्यांनी कुडाच्या जुन्या घरांच्या जागी जमिनीत खोल उतरलेली, ओकच्या फळ्यांची नवी घरे उभारली आणि आपले व्यवसाय तिथेच चालू ठेवले.