लगाम घरच्यांच्या हातात

नमस्कार मंडळी. आज सभागृहात चाळिशी-पन्नाशीतले बरेच चेहरे दिसताहेत आणि काही जण जोडीनं आलेत, याचा मला विशेष आनंद आहे. कारण मी जे बोलणार आहे ते जितकं धावणाऱ्यासाठी आहे, तितकंच त्याच्या घरच्यांसाठी आहे.

मॅरेथॉनचा विषय निघाला की घरच्यांचा पाठिंबा आणि देवावरची श्रद्धा या दोन गोष्टी हमखास येतात. बहुतेकांच्या मनात त्यांचा अर्थ असा असतो की त्या आपल्याला पुढे ढकलतात, हिंमत देतात. मला आलेला अनुभव वेगळा आहे. मध्यमवयात पुढे ढकलणारं आपल्या आतच भरपूर असतं. वय निसटत चाललंय ही घाई असते, शेजारच्या तरुण मुलाशी बरोबरी असते, हातातलं घड्याळ असतं. या वयात उणीव असते ती आवरणाऱ्याची. घर आणि श्रद्धा हे माझ्यासाठी लगाम ठरले, आणि त्या लगामामुळेच मी शेवटपर्यंत पोहोचले.

आधी शरीराचं बोलू. अंतर वय बघून कमी होत नाही. 42.195 किलोमीटर हा आकडा 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आला, 1921 मध्ये तो अधिकृत झाला, आणि तेव्हापासून विशीतल्या मुलाला आणि पन्नाशीतल्या बाईला तोच आहे. बदललेलं असतं ते शरीर. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, जिला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती तिशीनंतर बैठ्या माणसात दर दहा वर्षांनी साधारण 10 टक्क्यांनी उतरते. नियमित व्यायाम करणाऱ्यात ही घसरण बरीच हळू होते. स्नायू कमी होत जातात. बायकांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या सुमाराला हाडांची घनता झपाट्यानं घटू लागते. हे सगळं खरं आहे, पण त्यानं घाबरून जावं असं नाही. जर्मनीत सहा लाखांहून जास्त मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन वेळांचा अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंचावन्नच्या आधी वयामुळे वेळ फारशी बिघडलेली दिसली नाही. शिवाय पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या मॅरेथॉन धावणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांनी तयारी गेल्या पाच वर्षांतच सुरू केलेली होती. म्हणजे ते काही लहानपणापासूनचे खेळाडू नव्हते. 1987 मध्ये प्रिसिला वेल्च न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली तेव्हा ती 42 वर्षांची होती, आणि तीसुद्धा तिशीनंतरच धावायला लागली होती.

मग अडतं कुठे? अडतं ते घाईत. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच साथ द्यायला लागतात. दम लागेनासा होतो आणि आपल्याला वाटतं, आपण तयार झालो. पण स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन आणि खुद्द हाडं यांना मजबूत व्हायला महिनोन्‌महिने लागतात, आणि वयानुसार आणखी जास्त. टाच दुखते, नडगी दुखते, गुडघा कुरकुरतो, तो याच मधल्या काळात. म्हणून आठवड्यातलं बहुतेक धावणं इतकं सावकाश हवं की बरोबरच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. आठवड्यातून दोनदा वजनं उचलावीत. पुरेशी झोप घ्यावी. आणि सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, विशेषतः घराण्यात हृदयविकार असेल तर. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळातल्या शर्यतींचा मोठा अभ्यास झाला. त्यात मॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडण्याचं प्रमाण लाखात साधारण एक इतकं कमी निघालं. पण तो एक जण आपल्या घरातला असू नये, यासाठी तपासणी.

आता घराकडे येते, कारण माझ्या दृष्टीनं खरा विषय तिथे आहे.

तयारी चार-पाच महिन्यांची असते. सुट्टीच्या दिवशी लाँग रन, आणि तो वाढत वाढत 30-32 किलोमीटरपर्यंत जातो. माझ्यासारखी बाई किलोमीटरला सात मिनिटं घेते, म्हणजे 30 किलोमीटरला साडेतीन तास. त्याआधीचं उठणं, नंतरची आंघोळ, जेवण, आणि दुपारी हमखास लागणारी गाढ झोप धरली, तर आख्खा दिवस गेला. तो दिवस माझा एकटीचा होता का? विशीत असतो. या वयात त्या दिवसावर मुलांचा अभ्यास असतो, वडीलधाऱ्यांची औषधं असतात, जोडीदाराला आठवड्यातून एकदा मिळणारा निवांतपणा असतो. तुम्ही धावता तेव्हा कुणीतरी तुमच्या वाटणीचं काम करत असतं. आपण त्याला "पाठिंबा" म्हणतो तेव्हा ते जणू आपोआप मिळालं असं वाटतं. ते आपोआप मिळत नाही, कुणीतरी स्वतःचा वेळ काढून दिलेला असतो. म्हणून मी म्हणते, शर्यतीचा अर्ज भरण्याआधी घरात बसून बोला. किती महिने, कुठले दिवस, कुणावर काय पडणार, सगळं मोकळेपणानं मांडा. आणि घरच्यांनी "या वर्षी नको" म्हटलं, तर ते ऐकायची तयारी ठेवून बोला.

आमच्या घरी यासाठी स्वयंपाकघराच्या दाराला एक कॅलेंडर टांगलं होतं. माझे लाँग रन निळ्या पेननं, बाकीच्यांच्या गरजा लाल पेननं. मुलीची परीक्षा, सासूबाईंची डोळ्यांची तपासणी, नवऱ्याचं बाहेरगावचं काम. लाल आणि निळं एकाच चौकोनात आलं की निळ्यानं सरकायचं, हा नियम. कित्येकदा निळं सरकलं. सुरुवातीला मी चडफडत असे. नंतर लक्षात आलं की ज्या आठवड्यांत निळं सरकलं, त्याच आठवड्यांत माझ्या पायांना हवी असलेली विश्रांती मिळाली. प्रशिक्षकानं सांगून मी थांबले नसते, मुलीच्या परीक्षेसाठी थांबले.

सासूबाईंचं इथे आवर्जून सांगायला हवं. त्यांना या वयातलं हे धावणं सुरुवातीला अजिबात पसंत नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पण पहाटे मी बुटांच्या नाड्या बांधत असायची तेव्हा त्या जपमाळ घेऊन उठलेल्या असायच्या. आम्ही फारसं बोलत नसू. एके दिवशी मी रात्रीच्या तापातून उठून तशीच निघाले, तर त्यांनी दारात हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "सूनबाई, आज नाही." बस्स. मी बूट काढले. ताप असताना जोराचा व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्र सांगतं. त्यांना ते शास्त्र माहीत नव्हतं, त्यांना मी माहीत होते.

शर्यतीच्या दिवशीही हाच हक्क घरच्यांना द्या. आपल्यासारखे सावकाश धावणारे चार-पाच तास रस्त्यावर असतात, आणि त्यांना एक धोका वेगवान लोकांपेक्षा जास्त असतो: गरजेपेक्षा जास्त पाणी पिण्याचा. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं चालेनासं होतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावकांपैकी 13 टक्क्यांमध्ये सोडियम उतरलेलं आढळलं, आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना हा धोका अधिक होता. उष्माघातातही पहिल्यांदा भान हरपतं. यातली अडचण अशी, की ज्याचं भान सुटतंय त्याला स्वतःला ते कळत नाही. दुसऱ्यानंच ओळखावं लागतं.

म्हणून आम्ही ठरवलं होतं की नवरा तिसाव्या किलोमीटरला उभा राहील. फलक नको, घोषणा नको. मी पोहोचले तर तो माझ्याबरोबर काही पावलं चालत आला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "परवा कुठला वार आहे?" आधी ठरलेला प्रश्न नव्हता तो, पाठ केलेलं उत्तर चालणार नव्हतं. मला जरा विचार करावा लागला, पण मी नीट सांगितलं. मग म्हणाला, "लेकीचा पेपर कुठल्या विषयाचा?" तेही सांगितलं. मग त्यानं वाट सोडली. मी गोंधळले असते तर तो मला बाजूला घेणार होता आणि मी वाद घालायचा नाही, असा आमचा शब्द होता. इतका विश्वास ज्याच्यावर टाकता येतो असं माणूस रस्त्याकडेला उभं आहे, ही जाणीव पुढच्या बारा किलोमीटरमध्ये कुठल्याही टाळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता श्रद्धा. फौजा सिंग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पत्नी गेली, मुलगा गेला, आणि त्या दुःखातून ते धावण्याकडे वळले. 2000 मध्ये वयाच्या 89 व्या वर्षी लंडनला पहिली मॅरेथॉन, 2011 मध्ये शंभराव्या वर्षी टोरंटोची. शेवटचे मैल आपण देवाशी बोलत धावतो, असं ते सांगत. बरेच जण ही गोष्ट ऐकून म्हणतात, बघा, श्रद्धेनं काहीही जमतं. मला त्यात दुसरंच काही दिसतं. टोरंटोला त्यांना आठ तासांहून जास्त लागले. देवाशी बोलणाऱ्या माणसाला घड्याळाशी भांडायचं नव्हतं.

शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण दोन हजार कॅलरीची असते. पासष्ट किलोच्या माणसाला पूर्ण अंतराला त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर बहुतेकांचे पाय शिशाचे होतात. प्रार्थनेनं ग्लायकोजेन वाढत नाही, हे मी अगदी श्रद्धेनं सांगते. त्यासाठी तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं घ्यावी लागतात, आणि ती पचवायची सवय सरावात लावावी लागते. देवानं दिलेल्या शरीराचे नियम मोडून देवाकडे मदत मागणं मला बरं वाटत नाही.

पण चौतिसाव्या किलोमीटरला माझ्याजवळ नामच होतं. चार पावलांत एक नाम, श्वास सोडताना. त्यानं वेदना गेली नाही. झालं एवढंच, की "अजून आठ उरले" हा हिशोब बंद पडला. शेजारून लोक पुढे जात होते आणि मला त्यांच्यामागे जावंसं वाटलं नाही. वेग वाढवायचा मोह झाला नाही, चालत जायची लाज वाटली नाही. पाणवठ्यावर मी चालले, नीट चालले, पुन्हा धावले. त्याच वेळी मनात हेही स्पष्ट होतं की आत्ता गुडघ्यानं नकार दिला तर मी थांबेन, आणि थांबले तरी देवाच्या लेखी माझं काही कमी होणार नाही. ज्याची किंमत अंतिम रेषेवर ठरते, त्याला थांबता येत नाही. मला त्या दिवशी थांबता आलं असतं. भीती उरली नव्हती म्हणून थांबायची वेळ आली नाही, असं मी मानते.

शर्यतीनंतरचंही घरात आधीच बोलून ठेवा. निदान दोन-तीन आठवडे शरीर भरून यायला लागतात, आणि त्या काळात मन मात्र पुढची शर्यत शोधायला लागतं. आमच्याकडे ठरलं होतं की त्यानंतरचे सुट्टीचे दिवस नवऱ्याचे. त्याला पोहायला शिकायचं होतं, कित्येक वर्षं राहिलं होतं. कॅलेंडरवर आता निळं पेन त्याच्या हातात आहे, आणि तो तलावावर असताना सासूबाईंची औषधं मी बघते.

तपासणीबद्दल आणि गुडघ्याबद्दल बऱ्याच चिठ्ठ्या माझ्यापर्यंत आल्यात. त्यातली पहिली एका ताईंच्या यजमानांची दिसते. विचारलंय, "बायको ऐकत नाही, तिला कसं थांबवू?" या प्रश्नापासून सुरुवात करू, आणि ताई इथे असतील तर त्यांनीही कृपया माइकजवळ यावं.