एका बोटाचे दोन वाटेकरी

नमस्कार श्रोतेहो. तासगावकडं सध्या द्राक्षांची विरळणी चालू आहे. बायकांच्या हातात दिवसभर कात्री, आणि रात्री दोनला मुंग्यांनी जाग. मग उठून हात झटकत बसायचं. घरचे म्हणतात, मानेचा मणका असेल. नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, तपासणी करणारे आम्ही मात्र आधी विचारतो, "मावशी, करंगळीलाही मुंग्या येतात का?"

"सगळाच हात बधिरतोय बघा," असं उत्तर येतं. झोपेत कोण बोटं मोजणार! म्हणून नसांनाच विचारावं लागतं.

अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू मीडियन नसेच्या वाट्याची. करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू अल्नर नसेची. म्हणजे अनामिका हे भाऊबंदांचं शेत, मधोमध बांध. मीडियन नस मनगटात एका अरुंद बोगद्यातून जाते, सोबत स्नायूंच्या नऊ दोऱ्या. सूज आली की तीच चेपते. अल्नर त्या बोगद्याबाहेरून जाते.

तपासणीत अनामिकेला विजेचा हलका झटका देतात आणि मनगटाशी दोन्ही नसांवर तो कधी पोहोचला ते टिपतात. अंतर दोन्हीकडं सारखंच हवं, सहसा १४ सेंटिमीटर, तेही टेपनं मोजून. समजा अल्नरला ३.० मिलिसेकंद लागले आणि मीडियनला ३.९. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, पण ०.४-०.५ च्या वर फरक गेला की आमचं लक्ष मनगटाकडं जातं.

एकट्या मीडियनचा वेग मोजून भागत नाही का? निरोगी हातात तो सेकंदाला ५० मीटरच्या वर असतो. पण पहाटेच्या थंडीत गाडीवर मागं बसून आलेल्या बाईचा हात गार असतो, आणि अंश सेल्सिअसमागं वेग सुमारे २ मीटरनं उतरतो. म्हणून आधी हात शेकून घेतो. वयानं, मधुमेहानंही नसा मंदावतात. पण गारठा काय, वय काय, दोन्ही वाटेकऱ्यांना सारखंच. एकटी मीडियनच मागं पडली, तर अडचण तिच्याच वाटेवर. मला ही तुलना पुस्तकातल्या कोष्टकापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

झटका टिचकीएवढाच असतो. पेसमेकर असेल तर आधी सांगा, हाताला तेल लावून येऊ नका. आणि अनामिकेतली अंगठी घरीच काढून ठेवा, तिच्या जागी आमची झटका देणारी तारेची कडी बसवायची असते.