शिक्षेवरची सुनावणी: फाशीच्या खटल्यातला दुसरा खटला

मंडळी, फाशी होऊ शकते अशा प्रकरणात बचावाचा वकील एकाच नावाखाली दोन खटले चालवत असतो. पहिला गुन्हा शाबित होतो की नाही याचा, दुसरा शिक्षेचा. पहिल्याला वर्षं मिळतात, दुसऱ्याला पुष्कळदा एक दुपार. दोषी ठरवल्याचं वाचून होतं, न्यायाधीश आरोपीला विचारतात, ‘शिक्षेबाबत काही सांगायचंय?’ आणि वकील उभे राहून म्हणतात, वय लहान आहे, आईवडील म्हातारे आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. झाली सुनावणी. माणसाचं जगणं-मरणं असं ठरावं हे मला मुळीच मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही.

फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५८(२), म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं २३५(२), शिक्षेवर स्वतंत्रपणे ऐकून घ्यायला सांगतं. त्याच संहितेच्या कलम ३९३(३) प्रमाणे फाशी द्यायची तर विशेष कारणं नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालातून ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी, एवढे शब्द सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्यातलाच दुसरा भाग मात्र युक्तिवादात क्वचित ऐकू येतो: आरोपी सुधारण्यासारखा नाही आणि पुढेही समाजाला धोका ठरेल, हे राज्याने पुराव्याने शाबित करायचं आहे. सरकार पक्षाने असा पुरावा दिलाच नसेल तर तसं लेखी म्हणणं द्या.

सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२२ च्या मनोज निकालाने काम आणखी स्पष्ट केलं. मानसिक तपासणीचा अहवाल, बालपण, घरातली मारहाण किंवा दुर्लक्ष, शिक्षण, रोजगार, तुरुंगातली वागणूक आणि तिथे केलेलं काम, हे सगळं सत्र न्यायालयासमोर यायला हवं. पण गोळा करायचं कधी? दोषी ठरल्यावर मुदत मागितलीत तर हाती जेमतेम काही दिवस येतात. म्हणून वकीलपत्र दाखल केलं की लगेच सुरुवात करा.

पहिलं काम वयाचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबू नका, शाळेत जाऊन जनरल रजिस्टर उघडा आणि प्रवेशाची मूळ नोंद पाहा. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा पुरावा, तो नसेल तर स्थानिक संस्थेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. अल्पवयीन असल्याचा दावा निकाल अंतिम झाल्यावरही करता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या एका खून खटल्यात फाशी झालेला आरोपी घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलं. आधार शाळेतल्या नोंदीचा. त्या नोंदीतलं नाव खटल्यातल्या नावाहून वेगळं होतं. तोवर त्याची २८ वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती. म्हणून आरोपीला घरात, गावात, शाळेत कोणकोणत्या नावांनी हाक मारत, हे पहिल्याच भेटीत विचारा.

मग माणसं. सगळ्या कुटुंबाला कोर्टाच्या व्हरांड्यात एकत्र बसवून विचारलंत तर ‘चांगला मुलगा होता’ यापलीकडे काही मिळत नाही. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल आई नवऱ्यासमोर बोलणार नाही. एकेकाला, त्यांच्या घरी, दोन-तीनदा भेटावं लागतं. प्रत्येक गोष्टीला कागद शोधा: दवाखान्याचा केसपेपर, हजेरीपट, कारखान्याची नोंद. मिळालेलं प्रतिज्ञापत्रावर द्या. नुसतं तोंडी सांगितलेलं वरच्या कोर्टात उरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनाही हे कागद आधी वाचायला द्या; अर्ध्या तासाच्या एका भेटीवर लिहिलेला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही.

इथे एक खड्डा आहे. आरोपी शेवटपर्यंत ‘मी केलं नाही’ म्हणत असेल, तर शिक्षेच्या अर्जात पश्चात्तापाची वाक्यं घालू नका. अपिलात तीच त्याच्या विरोधात वाचली जातील. जगण्याची हकिगत गुन्हा कबूल न करताही मांडता येते.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. राहून गेलेला मजकूर तिथे अर्ज करून दाखल करा. आणखी एक: ठरावीक वर्षं शिक्षेत सूट मिळणार नाही अशी जन्मठेप, हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रीहरन निकालाप्रमाणे फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या हातात आहे. तो सत्र न्यायालयात मागून उपयोग नाही. उच्च न्यायालयात मात्र पर्यायी मागणी म्हणून लेखी युक्तिवादात घाला, आणि आरोपीशी आधी बोलून घ्या, कारण ती वर्षं त्याला काढायची आहेत.