याझ्द: वाडग्याने मोजलेलं पाणी

हे तांब्याचं वाडगं बघा. बुडाला सुईने पाडावं तेवढं बारीक भोक आहे. मोठ्या भांड्यात पाणी भरायचं, त्यावर हे वाडगं अलगद सोडायचं, भोकातून पाणी आत चढत जातं आणि ठराविक वेळाने वाडगं बुडतं. बुडालं की एक माप झालं, काढायचं आणि परत सोडायचं. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवायचे ना, सेम तेच. फक्त इथे हे वाडगं मुहूर्तासाठी नव्हतं, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी मिळणार ते यावर ठरायचं. एकाचं वाडगं बुडालं की दुसऱ्याची पाळी सुरू. हिशोब ठेवणारा माणूस म्हणजे मीराब, आपल्या भाषेत पाटकरी म्हणा.

हे शहर आहे इराणमधलं याझ्द. देशाच्या बरोबर मध्यावर, एका बाजूला दश्त-ए-कवीर, दुसऱ्या बाजूला दश्त-ए-लूत, दोन्ही वाळवंटं. पाऊस वर्षाला जेमतेम 50-60 मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या कोकणात जुलैत एका दुपारी पडतो तेवढा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. जवळ नदी नाही. आणि तरी इथे हजारो वर्षं माणसं राहतायत, मग पाणी येतं कुठून?

शहराच्या दक्षिणेला शीरकूह नावाचा 4000 मीटरहून उंच डोंगर आहे, त्यावर बर्फ पडतो, तो वितळून पायथ्याच्या जमिनीत मुरतो. इथल्या लोकांनी काय केलं, तर डोंगराकडच्या बाजूला एक खोल विहीर खणली, तिला म्हणतात मादर चाह, म्हणजे आईविहीर, आणि तिथून शहराकडे जमिनीखालून एक बोगदा काढला, अगदी हलका उतार ठेवून, की पाणी पंपाशिवाय, बैलाशिवाय आपोआप वाहत यावं. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याची माती खात जाणार, कमी झाला तर तुंबणार. बोगद्यावर थोड्या थोड्या अंतराने उभ्या विहिरी, माती वर काढायला आणि हवा खाली जायला. यालाच कनात म्हणतात. याझ्दची झार्च कनात 70 किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यावर 2000 च्या वर विहिरी आहेत. 2016 साली युनेस्कोने इराणच्या 11 कनाती जागतिक वारशात घेतल्या, त्यात ही आहे. आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरने जी नहर आणली ती याच नात्यातली, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाला हे सगळं वाचून कळण्याआधीच ओळखीचं वाटेल.

हे खणणारा माणूस म्हणजे मुकन्नी. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याच्याबद्दल. हा पांढरे कपडे घालून खाली उतरायचा. अंधारात पांढरं दिसतं हे एक कारण, आणि दुसरं लोक सांगतात ते असं, की माती अंगावर कोसळली तर तेच कफन. जेमतेम वाकून बसता येईल एवढी जागा, हातात छोटी कुदळ, बाजूला तेलाचा दिवा. दिवा मंदावला की हवा खराब झाली समजायचं आणि वर यायचं. भुसभुशीत माती लागली की भाजलेल्या मातीची लंबगोल कडी एकाला एक लावून बोगद्याला आधार द्यायचा. आणि दिशा? आत ना सूर्य ना खूण, तरी एका विहिरीपासून निघालेला बोगदा बरोबर पुढच्या विहिरीला जाऊन मिळायचा. ही विद्या बापाकडून मुलाकडे यायची.

आता वर या. वर सगळं मातीच्या रंगाचं, कच्च्या विटा, त्यावर माती आणि भुसा कालवून केलेला गिलावा, उंच भिंतींच्या अरुंद गल्ल्या, मध्ये मध्ये वरून कमानी टाकलेल्या की सावली मिळावी. आणि घरांच्या डोक्यावर उभे बादगीर. बाद म्हणजे वारा आणि गीर म्हणजे पकडणारा. उंचावरचा वारा झरोक्यातून आत खेचायचा, खाली हौदाच्या पाण्यावरून फिरवायचा आणि गरम हवा दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची, विजेशिवाय चालणारा कूलरच हा. दौलताबाद बागेतला 18 व्या शतकातला बादगीर 33 मीटर उंच आहे, म्हणजे दहा-अकरा मजली बिल्डिंग! जुन्या दारांवर दोन कड्या असतात, पुरुषांसाठी जाडजूड आवाजाची, बायकांसाठी बारीक आवाजाची, आवाजावरून आत कळायचं दार कुणी उघडायचं.

मार्को पोलो 13 व्या शतकात इथून गेला तेव्हा त्याने इथल्या रेशमी कापडाचं कौतुक लिहून ठेवलं. 2017 मध्ये अख्खं जुनं शहरच जागतिक वारसा झालं.

आणि इथे अग्नी आहे. याझ्द म्हणजे जरथुश्त्री लोकांचा, म्हणजे आपल्या पारशांच्याच धर्माच्या लोकांचा बालेकिल्ला, नावातलं 'यझ' आणि आपल्या यज्ञातलं 'यज्' ही सख्खी भावंडं आहेत. इथल्या आतश बेहराममधला, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या अग्निमंदिरातला अग्नी इ.स. 470 पासून तेवत असल्याचं मानतात, काळ बदलला तसा तो जागा बदलत बदलत इथे आला. आजची इमारत 1934 ची, तिला मुंबईच्या पारशांनी पैशाची मदत केली. त्याआधी 1854 मध्ये याच मुंबईकर पारशांनी मानेकजी लिमजी हटारिया यांना इराणला पाठवलं होतं, इथल्या जरथुश्त्रींची हलाखी बघून ते वर्षानुवर्षं झगडले आणि 1882 मध्ये इराणच्या शहाने, म्हणजे राजाने, जरथुश्त्रींवरचा जिझिया रद्द केला. त्याच हलाखीला कंटाळून याझ्द आणि केरमानच्या गावांतून जी माणसं बोटीने मुंबईला आली, पुढे पुण्यालाही, त्यांनीच आपली इराणी हॉटेलं काढली. कोपऱ्यावरचं दुकान, संगमरवरी टेबल, बनमस्का आणि चहा. आपल्या कितीतरी जणांच्या कॉलेजच्या आठवणी त्या टेबलांवर आहेत आणि त्या टेबलांमागे हे मातीचं शहर आहे.

गेल्या साठेक वर्षांत खोल बोअर आले, पंप आले. कनात जमिनीतलं वरचं पाणी स्वतःच्या वेगाने घेते, पंप थांबत नाही. पाणी खाली गेलं, कित्येक कनाती कोरड्या पडल्या आणि आता याझ्दला पाणी इस्फहानकडून पाइपलाइनने येतं, त्यावरून इस्फहानच्या शेतकऱ्यांनी ही पाइपलाइन फोडलीसुद्धा आहे. मला याचं खूप वाईट वाटतं.

पण ज्या कनाती वाहतायत त्या साफ कराव्याच लागतात, गाळ साचतो, माती ढासळते. म्हणून आजही विहिरीच्या तोंडावर लाकडी चरखा बसवतात, एक जण वर दोरी धरून बसतो आणि मुकन्नी खाली उतरतो. गाळाने बादली भरली की खालून हाक येते, आणि वरचा ओढायला लागतो.